उणे चाळीस

पहाटे सहाला इंगेगेर्ड न्यूब्लूम
शीतपेटीचं दार उघडते.
बाहेर व्हेर्मलांडचा फेब्रुवारी, उणे एकोणीस.
आत उणे चाळीस.
"म्हणजे बाहेर उकडतंच आहे,"
असं ती दर हिवाळ्यात एकदा म्हणते
आणि एकटीच हसते.

चिमट्यात दाणा.
करंगळीच्या पेराएवढा, शिंगाच्या रंगाचा,
आरपार सात भोकं,
बासरी करायला बसलेल्यानं वाट चुकावी तशी.
तोफेचा घास. तिच्यासाठी नुसता एकशे बारा.

पेटीपासून यंत्रापर्यंत नऊ पावलं.
तेवढ्यातही तो उबतो,
म्हणून साठीची बाई पळते.

काल साठ अंशांवरचे दाबले होते.
ते बसले, पोटातून फुगले,
भोकं डोळ्यांसारखी मिटली,
वजन उचलल्यावर थोडे मागे आले,
पूर्ण नाही. ओशाळल्यासारखे.

हा तसा नाही.
वजन पडतं. कागदावरची रेघ
कुठेही न कलता सरळ चढते,
आणि मग
रेघच नाही.
ताटलीत सतरा तुकडे. भुकटी वेगळी.

मोडेन पण वाकणार नाही:
शाळेच्या भिंतीवर शोभतं.
नळीच्या पोटात
एकाचे सतरा झाले की आगीला
नवे पृष्ठभाग मिळतात, कोरे, न मागता,
आणि जे सावकाश जळायचं
ते एका दमात जळू बघतं.
पोलाद तरी किती ऐकून घेणार?

आल्व्हार, तिचा बाप, तोफखान्यात होता.
मार्चमधला सराव, उत्तरेकडचं बर्फ,
रात्रभर उघड्यावर राहिलेल्या पेट्या.
परतला तो डावा कान आणि दोन बोटं ठेवून.
शेजारी उभ्या असलेल्या पोराचं नाव
त्यानं घरात कधी घेतलं नाही.
एवढंच, की न्याहारीला
लोण्याची सुरी आधी कॉफीत बुडवायचा.
"थंड लोणी पावावर रेटायचं नसतं,
पाव फाटतो."
आई चिडायची, कॉफीवर तवंग यायचा.

इंगेगेर्ड रकान्यात लिहिते: ठिसूळ.
शाईही जरा अडखळते.
पेन काखेत धरून ती ऊब देते,
मग पुन्हा लिहिते, त्याच शब्दावरून,
ठळक.

ताटली रिकामी करते. ब्रशनं, हळू.
पेटीचं दार. वाफ.
एकशे तेरा.