तर

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, त्या दुपारी
बावीस माग एकदम थांबवले होते.
सोलापुरात माग थांबले की कानात जे वाजतं
त्याला शांतता म्हणत नाहीत.
मी डबा घेऊन दारात.

तांबड्या सुताचे तीन कोन कमी भरले होते.
येमूल शेठने मार्कंडेयाच्या फोटोपुढे कापूर पेटवला,
एकेकाने यावं, ज्योतीवर हात धरून सांगावं.
जब्बारचाचांनी लेकराची आण घेतली.
लच्छव्वा तेलुगूत काहीतरी म्हणाली, रडली,
आणि परत कांड्या भरायला बसली.

"काय बे नथ्या, तुमच्यात काय असतंय? बोल की."

आमच्यात काही नसतंय.
आमच्यात पाळक सांगायचे, शपथच वाहू नका,
होय ते होय, नाही ते नाही.
माझा बाप, नथानिएल रणपिसे, वार्पिंगवाला,
तेवढं म्हणून सुटला असता.
पण त्याला शास्त्राचा जुना भाग आवडायचा.
राखेत बसून खापरीने अंग खाजवणारा तो माणूस,
ज्याने देवालाच कोर्टात बोलावलं
आणि जाताना स्वतःची शिक्षा स्वतःच लिहून नेली:
मी असं केलं असेल तर माझ्या रानात काटे उगवोत,
तसं केलं असेल तर मी पेरलेलं दुसऱ्याने खावं.

बापाला रान नव्हतं. हात होता.
उजवा. दंडापर्यंत तांबडी रुई चिकटलेला.
तो वर करून म्हणाला,
"मी, किंवा माझ्या घरातल्या कुणी,
इथला एक धागा जरी नेला असेल,
तर हा हात खांद्यातून निखळून पडो."

माझ्या घरातल्या कुणी.
एवढं त्याला विचारलं नव्हतं कुणी.

नाताळच्या नाटकात मी देवदूत होते.
नव्या पेठेत चंदेरी सँडल बघितल्या होत्या, एकशे दहा रुपये.
रिकाम्या डब्याच्या पिशवीतून तीन दिवसांत तीन कोन गेले,
साखर पेठेत, गोंडे वळणाऱ्या एका म्हातारीकडे.
झगा पायघोळ असतो, देवदूताची पावलं दिसत नाहीत,
हे नाटकाच्या दिवशी कळलं.

शेठने कापूर फुंकला. "बास. लावा माग."
पैसे सगळ्यांच्या पगारातून सारखे कापले,
लच्छव्वाच्याही.
बापाने त्याच हाताने भाकरी मोडली,
मला म्हणाला, चटणीत आज मीठ जास्त झालंय.

हात निखळला नाही.
त्या हाताने चर्चच्या फाटकाला दरवर्षी रंग लावला,
सायकलची चेन बसवली,
माझ्या लग्नात माझ्या डोक्यावर तो ठेवला, जरा जास्तच वेळ.
एकाहत्तराव्या वर्षी बाप झोपेतच गेला.
अंघोळ घालताना मी खांदा चाचपून बघितला.
देवाने शपथ ऐकली होती
की ऐकलीच नव्हती,
एका शाबूत हातावरून कसं ओळखायचं?

नवे पाळक शिकलेले आहेत. परवा सांगत होते,
मूळ भाषेत शपथ घेणारे पुष्कळदा अर्ध्यावरच थांबतात.
मी हे केलं असेल तर... आणि गप्प.
पुढचं तोंडातून काढायची भीती,
किंवा पुढचं सगळ्यांनाच ठाऊक.
बापाने मात्र वाक्य पुरं केलं.
अर्धं कापड मागावर सोडून उठायची
त्याला सवय नव्हती.

गेल्या रविवारी वाचन माझ्याकडे आलं.
नेमका तोच अध्याय.
मी "तर"पाशी पोचले आणि चष्म्यावर वाफ धरली.
पंखा फिरत होता. मागून कुणीतरी खोकलं.
सुलभाताईंना वाटलं ओळ सुटली,
त्यांनी बोटाने दाखवली.

वाचलं पुढचं. मोठ्याने वाचलं,
शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढं.
मग जागेवर येऊन बसले,
उजवा हात मांडीखाली घालून.