येरझार

सेव्हर्न नदी महिन्यातले काही दिवस
उलटी वाहते.
समुद्र तिच्या तोंडात शिरतो आणि एक तपकिरी लाट
काठावरच्या गाईंना हूल देत
मैलोन्‌मैल आत चालत येते.
इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही.
वेळापत्रक बघून होड्या बांधतात, झालं.

हेस्टर विंटल, वय एकोणऐंशी,
उभी हयात शाळेत लॅटिन शिकवलेली.
तिच्या ओट्याखाली इनॅमलचं एक भांडं आहे,
निळ्या कडेचं, कोपऱ्यात टवका उडालेलं.
शेजारच्या म्युरिअल कॅमचं.
नऊ वर्षं द्यायचं राहिलंय.

त्याआधी बावीस वर्षं ते कधी रिकामं फिरलं नाही.
प्लम घेऊन गेलं की अंडी घेऊन यायचं,
एकदा तर मांजराचं पिल्लू.
मग पुराची रात्र, वाळूची पोती.
कुणी कुणाच्या दारातली उचलली
याचे दोन इतिहास आहेत
आणि मधे कमरेएवढी भिंत.

फेब्रुवारीत म्युरिअलचा नवरा गेला.
हेस्टरने शवपेटी खिडकीतून पाहिली
आणि शब्दकोश उघडला. दुसरं काय येतं तिला?

रेसिप्रोकल.
मागे आणि पुढे, मुळात एवढंच.
रोमन लोक भरती-ओहोटीला म्हणायचे.
हिशेब नाही, उपकार नाही,
पाण्याची नुसती येरझार.

म्युच्युअल. याच्या पोटात उसनवारी.
दिलेलं बदलून येईल, पण येईल.

गेस्ट आणि होस्ट
एकाच आईची पोरं निघाली.
त्याच घरात वाढलेलं तिसरं: वैरी.
या तिसऱ्यापाशी तिने चष्मा काढून ठेवला.
चहा निवला.

रिटर्न.
ह्या शब्दात लेथ आहे, लाकूड कातायचा.
अ‍ॅम्ब्रोज कॅमने खुर्च्यांच्या कारखान्यात
तीस वर्षं तोच चालवला.
लाकूड गरगर फिरतं, जागचं हलत नाही,
आणि दर फेऱ्याला
थोडं कमी होऊन परत येतं.

(माझ्या भाषेत माणूसही परततो
आणि कढईत कांदाही परततात.
आच दोघांनाही लागते.
हे हेस्टरला सांगायला हवं होतं.)

सप्टेंबरात तिने प्लम शिजवले,
वर साखर-लोण्याचा चुरा, भांडं काठोकाठ.
भिंतीवरून सहज देता आलं असतं.
ती रस्त्याने गेली, वळसा घालून,
पाहुण्यासारखी, कोट घालून.
खाली नदी फिरण्याची वेळ झाली होती;
पोरं पुलावर ओरडत होती.

म्युरिअलने दार उघडलं, हातात कांदे सोलायची सुरी.
भांड्याकडे पाहिलं. वर उचलून खालून पाहिलं.

"हे तुझंच की."

"तुझं. निळ्या कडेचं."

"माझं हिरव्या कडेचं होतं, हेस्टर.
ते गळायला लागलं तेव्हा
अ‍ॅम्ब्रोजने त्यात झाड लावलं. ते काय."

पायरीवर हिरवी कड, गंजलेली,
त्यात लाल जिरेनियम.
नऊ वर्षं.
म्हणजे ओट्याखाली, जुन्या टॉवेलात गुंडाळून,
पाहुणे आले की मागे सरकवून
तिने स्वतःचंच भांडं
स्वतःपासून लपवलं होतं.

वाळूची पोती कुणाची, हे दोघींपैकी कुणी विचारलं नाही.
सॉरी म्हणायला दोघींना वेळ झाला नाही,
भांडं गरम होतं, हात भाजत होते,
एकीने एक कान धरला, दुसरीने दुसरा,
आणि उंबऱ्यात क्षणभर कळेना
देतंय कोण.

"याला," हेस्टर जिरेनियमकडे बघून म्हणाली,
"पाणी जास्त होतंय."