बाहेरच्या शिवणी

सुगंधा उईके आली तेव्हा
मी शाळेच्या गणवेशांना काजं करत होते.
बत्तीस सदरे, बत्तीस चड्ड्या, सगळं टेरिकॉट,
आणि लाईट येऊन-जाऊन.
तिनं ओटीतून काढून मशीनवर ठेवलं
दीड मीटर कापड, न रंगवलेलं,
ज्वारीच्या पिठाच्या रंगाचं.
"नातीचं झबलं शिवून दे," म्हणाली,
"दोन होतीन नं? पोट्टी अंगानं मोठी हाय."

मी कापड चिमटीत धरून उजेडाकडे केलं.
जागोजागी बारीक तपकिरी ठिपके.
"डाग हायेत गं."
"डाग नोहे बाई, पाला हाय.
वाळला पाला बोंडाले चिकटते,
किती फुका, जात नाही.
मीच वेचलेलं असंन हे. कोनाले मालूम."

तुळसा भगतच्या तीन एकरांत
दोन हंगाम झाले, कुणाच्या पाठीवर पंप चढला नाही.
निंब, रुई, एरंडाचा पाला गोमूत्रात सडवून
ती जे काय शिंपडते, त्याच्या वासानं
धुऱ्यावरची माणसं नाक धरून जातात.
बोंडं लहान. वेचा कमी.
पण तिथं दुपारी भाकर सोडताना
साबणानं तीनदा हात घासावे लागत नाहीत,
ठेचा ठेच्यासारखा लागतो.
ओटीच्या गाठीखाली, कमरेवर उठलेला चट्टा
सुकत आलाय सुगंधाचा.
"का थंडी पडली म्हनून सुकला,
तेही असू शकते," ती स्वतःच म्हणाली.

तुळसाकडे काम आठवड्यातले दोनच दिवस.
बाकीचे चार ती फवारलेल्या वावरांत जाते,
तोंडाला फडकं बांधून.
हे मी विचारलं नव्हतं.

मजुरीच्या दिवशी तुळसाला म्हणाली,
पैसे राहू दे, कापड दे.
घरी सून कुरकुरली:
शंभर रुपयांत बाजारात फ्रॉक येतो,
पिवळाधमक, झालरीचा,
छातीवर ससा चिकटवलेला.
"मी हात लावून पायला तो ससा," सुगंधा म्हणाली.
"मेनचट हाय."

कात्री घेतली.
टेरिकॉट कापताना पळतं, दाबून धरावं लागतं.
हे पडून राहिलं
उन्हातल्या मांजरीसारखं.
सुई गेली, तिचा आवाजही वेगळा.
तेवीस वर्षं मी अंगाची मापं घेते,
अंगाला काय सोसतं ते कुणाला विचारलं नाही.
जूनमध्ये शाळा उघडते, पोरांच्या मानेवर घामोळं,
आणि कॉलर मी कडकच ठेवते,
हेडमास्तरांना कडक लागते.

झबल्याला बटण नाही, बंद.
गळ्याला पट्टी नाही, नुसती दुमड.
शिवणी साऱ्या बाहेरून,
दोऱ्याची गाठसुद्धा बाहेर;
आत लेकराच्या कातडीला फक्त कापूस.
सुगंधानं उलटून पाहिलं, परत सुलटून पाहिलं.
"सून म्हनंन, उलटं शिवून आनलं."
"म्हनू दे."
"म्हनू दे," तीही म्हणाली, आणि हसली,
"पोट्टीले कुठं दिसते बाहेरून."

शिलाई विचारली.
चाळीस म्हणणार होते, वीस म्हटलं.
तिनं तीस ठेवले, दहाच्या तीन नोटा,
घामानं मऊ झालेल्या.
उरलेल्या चिंध्याही नेल्या,
टोपडं व्हईन म्हणाली.

दोन बोटांएवढा तुकडा मी मागे ठेवला,
सांगितलं नाही तिला.
गणवेशांच्या ढिगावर पडलाय.
आता लाईट गेली आहे,
काजं अठरा राहिलीत,
काडेपेटी शोधत ढिगावरून हात फिरतो
आणि तेवढ्या एका जागी
थांबतो.