माशी

परशरामनं लायसन काढलं त्या साली
संकेश्वरच्या आमच्या पंपावर दोनदा गल्ला गेला होता.
बत्तीस बोअरचं, सेमी-ऑटोमॅटिक,
वजनाला खलबत्त्यातल्या बत्त्याहून थोडं हलकं.
बारा वर्षं ते कपाटातून बाहेर यायचं फक्त खंडेनवमीला,
पाटावर, झेंडूशेजारी, दिवसभर.
मुठीच्या खाचांत हळद बसली आहे,
ती ब्रशनंही निघत नाही.

मग तो गेला.
पंप राहिला, आणि ते.

डीसी ऑफिसात वारसाच्या रकान्यात माझं नाव.
खिडकीतल्या कारकुनानं वर न बघता विचारलं,
बरतदेन्री?
येतं का म्हणून.
मी म्हटलं, येईल.

होनगेकर हवालदार, पलटणीतून रिटायर,
मातीच्या बांधासमोर मला उभं करून म्हणाले,
स्लाईड मागं ओढा.
ओढेना. त्यांनी हात पुढं केला.
थांबा, म्हटलं, वीस दिवाळ्या सोऱ्या दाबलेला हात आहे हा,
आणि ओढली.

नळीच्या टोकावर बारीक उंचवटा असतो,
त्याला माशी म्हणतात.
कागद धूसर दिसू दे मावशी, माशी स्पष्ट पाहिजे.
श्वास अर्धा सोडा, अर्धा ठेवा.
चाप ओढू नका, दाबत राहा,
सुटेल तेव्हा तुम्हालाच कळू नये.

पहिली गोळी कागद सोडून बांधात.
कुठं माशी शिंकली? मी विचारलं.
ते हसले नाहीत.
मनगट, म्हणाले.

तिसरीची पुंगळी उडाली ती थेट ब्लाउजच्या गळ्यात.
चटका असा की डोळ्यांत पाणी,
पण नळी मी बांधाकडंच धरून ठेवली,
बोट चापावरून काढलं,
आणि मग रडले.
त्या दिवशी पहिल्यांदा ते म्हणाले, आता शिकलात.

पुंगळ्या मोजून परत द्यायच्या असतात.
पंचवीस नेल्या, चोवीस भरल्या.
वाळल्या गवतात आम्ही दोघं तासभर वाकून,
पावट्याच्या शेंगा वेचल्यासारखे.
घरी साडी सोडताना फरशीवर टणकन वाजलं.

आता निवडणूक लागली आहे. जमा करायचं.
ठाण्यात बसगौडा पोलिसानं नंबर दोनदा ताडून पाहिला,
मुठीवर अंगठा घासला,
अक्का, हे काय, हळद?
मी काही बोलले नाही.
सही माड्री, म्हणाला.
कन्नडातल्या पावतीखाली मी मराठीत सही केली.
त्यानं ती बघितली, मग शिक्का मारला.

घरी धाकटीनं पावती वाचून दाखवली.
माझं नाव तिथं गोल गोल,
कुणा गुबगुबीत बाईचं असावं तसं.
नवऱ्याचं नाव या रकान्याशी ती अडखळली,
अक्षर लागत नाही, म्हणाली.
लागत होतं.

महिना झाला.
खणात आता पावती आणि त्याचा चष्मा.
ते घरात नसताना मला झोप जास्त लागते,
हे हवालदारांना सांगितलेलं नाही.

रात्री अकराला शटर अर्धं ओढून
गल्ला मोजायला बसते.
हायवेवरून ट्रकचा उजेड काचेवर येतो, फिरतो,
कधी एखादा रेंगाळतो.
मी वर बघत नाही.
नोटेची कड तेवढी स्पष्ट,
पलीकडचं सगळं धूसर,
श्वास अर्धा सोडलेला.