धरलेली बाग

आमचं आडनाव बागवान.
बाग मात्र कधीच आमची नव्हती.
आजा हंगामापुरती धरायचा,
चिखलीच्या अंगाला, नदीकडंची, पेरूची.
झाडं मालकाची, माती मालकाची,
आमची फक्त फळं
आणि राखणीच्या रात्री.

हे अम्मा सांगते
उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून.
मोतीबिंदू काढून दोन दिवस झाले.
वाकायचं नाही. डोक्यावरून पाणी नाही. टीव्ही नाही.
"मग बघू तरी काय रं मी?"

लक्ष्मीपुरीत पत्रिकांच्या दुकानात
मी कटिंगला आहे, एकोणीस वर्षं.
रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
मोडलेल्या एका लग्नाच्या तीनशे पत्रिका
कपाटावर पडून होत्या,
न्यायला कुणी आलंच नव्हतं.
जाड कागद, बाहेरून शेवाळी,
आतून पिकल्या पेरूसारखा पिवळट.
असा कागद मुद्दाम मागून मिळत नाही.

सहा चौकटी आखल्या.
पहिलीत कुंपण, बाभळीच्या फेसाट्या, आत शिरायला एक फट.
मग पाट.
मग खोडं, साल सुटलेली, गुळगुळीत,
त्यांना वळण देताना दोन मोडली.
चौथीत पानं. नुसती पानं.
ब्लेड तीनदा बदललं,
बोटाला चिकटपट्टी, तिच्याखाली रक्त.
पाचवीत खोप.
सहावीत आभाळ, त्याला ब्लेड लावायचं नसतं.
पुढच्या चौकटीतून जेवढं काढून टाकू
तेवढं मागचं लांब जातं.
पायाशी कातरणांचा ढीग वाढत होता
आणि बाग खोल होत होती.

दोन्ही अंगांना भाता, पेटीला असतो तसा,
मैद्याची खळ, तीत चिमूटभर मोरचूद.
एक वाजता लक्षात आलं,
पानांची चौकट उलटी चिकटवलीय.
छापील बाजू पुढं.
एका डहाळीवर 'चि. सौ. कां.'
दुसरीवर 'आग्रहाचे निमंत्रण'.
खळ वाळली होती. राहू दिलं.

बघायचं भोक तेवढं राहिलं.
कंपासनं कापलं की कड फाटते.
सकाळी दत्तू व्हटकरच्या दुकानात गेलो,
तो चपलांचे कान शिवत बसलेला.
"केवढं पायजे?"
"डोळ्याएवढं."
"कुणाच्या?"
"अम्माच्या."
त्यानं डब्यातले चार पंच चाळले, एक निवडला,
पुठ्ठा लाकडावर ठेवून
एकच घाव घातला.
पैसे विचारले तर तोंडात खिळा असल्यासारखा
नुसता हुंकारला.

अम्मानं भाता ओढला.
"एका डोळ्यानंच बघायचं असतंय हे," मी म्हणालो.
"मग बरंच की."

खूप वेळ काही बोलली नाही.
चहावर साय आली.
मग म्हणाली, "खोप डावीकडं होती."
मग, "कुणाचं रं लगीन हे, झाडावर?"
मग, "आन् वाघळं कुठं हाईत?"

वाघळं मला कुणी सांगितलीच नव्हती.
रात्री ती पेरूंवर उतरायची म्हणे, शंभर-शंभर.
झाडात पत्र्याचा डबा टांगलेला,
त्याची दोरी आठ वर्षांच्या पोरीच्या
पायाच्या अंगठ्याला.
फडफड झाली की झोपेतच पाय हलवायचा.
"बाप म्हणायचा, पोरगी झोपली तरी
पाय जागा ऱ्हातोय तिचा."

रात्री पुन्हा शटर अर्धं.
जुन्या कार्बन कागदाची अकरा वाघळं कापली,
पायांनाच तेवढी खळ लावली, बाकी मोकळी.
बोटं काळी, शर्ट काळा.
एक दोराही ओवला,
पानांतून, खोडांतून, कुंपणाच्या फटीतून बाहेर.

आता ती निजताना दोरा ओढून बघते.
डबा वाजत नाही,
कागद सळसळतो थोडासा.
मग भाता मिटून
सगळी बाग बोटभर जाडीची करते
आणि उशाखाली सारते.

सोमवारी पट्टी सुटणार.
"मग मोठी करून देऊ का, चांगल्या कागदाची?" मी विचारलं.
"नगं," म्हणाली,
"सोमवारपतूर धरलीय म्हण."