फुंकरीची कळ

मुरोरानच्या बंदरावरून आज बोटी सुटल्या नाहीत.
तिकीट खिडकी बंद करून मी साडेचारलाच घरी,
रॉकेलच्या शेगडीशी पाय,
मांडीवर कळफलक.

एम्युलेटरच्या चौकटीत दोन पडदे एकावर एक,
बिजागरीशिवाय.
खऱ्या डब्याची बिजागरी हिसायाने तोडली होती,
मी अकरा वर्षांची, तो नऊचा.
मग पडदा उभा राहावा म्हणून
मागे साबणाचा खोका लावायचो.

खेळ तसा वेडाच.
सात मासिकांतले वीर एका मैदानात कोंबलेले:
कोण कुठला एकडोळ्या तलवारबाज,
कोण कुठली डोक्यावर किटली असलेली आचारीण,
एक यंत्रमानव, जो फक्त माफी मागतो.
ज्यांनी त्यांना काढलं त्या चित्रकारांची
आपसांत ओळखही नसेल,
आणि ही मंडळी पुलावर समोरासमोर,
आधी वाकून नमस्कार, मग हाणामारी.
आमच्या घरातही साधारण असंच चाले.

हिसाया नेहमी आचारीण घ्यायचा.
तिची मोठी चाल अशी,
की मायक्रोफोनच्या भोकात फुंकायचं,
लांब, न तुटता, चार सेकंद,
मग किटलीतून वाफ सुटते आणि समोरचा मैदानाबाहेर.
हिसायाला चार सेकंद पुरत नसत.
दम्याचा पंप उशाशी, छातीत मांजर घुरघुरायचं.
काही न बोलता तो डबा माझ्या तोंडापुढे धरायचा.
मी माझा डबा पांघरुणावर ठेवायचे
आणि फुंकायचे.
माझ्याच तलवारबाजाला उडवणारी वाफ
मीच पुरवायचे.
वर तो म्हणायचा, 'हरलीस.'

एम्युलेटरमध्ये फुंकर ही एक कळ आहे.
सेटिंगमध्ये 'आवाज', त्याखाली 'मायक्रोफोन',
त्याखाली रिकामी चौकट: कुठली कळ हवी?
झाकण मिटण्यालाही तिथे वेगळी आज्ञा आहे.
झाकण नाही, तरी मिटतं.
आणि हवा तिथे काळ गोठवता येतो,
दहा कप्पे दिलेत त्यासाठी.
मला एकच पुरला असता:
बाबांचं घर विकलं त्या दुपारचा,
सह्या व्हायच्या होत्या
आणि हिसाया दारात बूट घालत होता.

आता तो ओइताला, पोलाद कारखान्यात क्रेन चालवतो.
नववर्षाचं कार्ड येतं. छापील.

आज मी दोन चौकटी उघडल्या, शेजारी शेजारी.
उजवा हात तलवारबाजाला, डावा आचारिणीला.
जमेना. दोन्ही हात माझेच,
एकमेकांचं मन ओळखून आधीच बाजूला होतात.
शेवटी डावा हात शेगडीवर शेकत ठेवला.
आचारीण नुसती उभी राहिली.
जांभई दिली, अॅप्रनला हात पुसले,
किटलीचं झाकण किंचित उचलून पाहिलं आत काय आहे.
हे आम्हाला कधी दिसलंच नव्हतं,
इतका वेळ कुणी तिला उभं ठेवलं होतं!
नव्याण्णवपासून आकडे उतरत गेले.
बारा उरले तेव्हा
सवयीने पुढे वाकून मी मॉनिटरवर फुंकर घातली.
काच जराशी धुरकटली,
कडेची धूळ उडाली.
बरोबरी.

रात्री त्याला फाइल पाठवली, जुन्या नोंदीसकट.
'हिसा: विजय १४१.'
त्यातल्या कितींत माझी हवा होती, कोण जाणे.
सोबत ओळ लिहिली नाही.

दोन वाजता उत्तर. सात महिन्यांतलं पहिलं.
ना कशी आहेस, ना बर्फ किती.
'फुंकर कुठल्या कळेवर आहे?'

मी उठून शेगडी बारीक केली,
परत बसले,
लिहिलं: 'जरा कळ काढ.'