वजा लाख

सोनं माझ्याकडं नाही.
हे आधीच सांगतो, कारण विट्यात
गलाईवाल्याचा डबा म्हटलं
की माणसं हळू आवाजात बोलायला लागतात.

मदुरैला सव्वीस वर्षं भट्टीपुढं बसलो,
मग इथं, मायणी रोडला, आठ.
मूस लाल झाली की कुठलीही बुगडी
कुठल्याही गोठासारखीच दिसते.
शेवटी एक गोळा. गोल, आणि कुणाचाच नाही.

मला मात्र त्याआधी हात दिसायचे.
एका मण्याला कानस जरा जास्त लागलेली.
वाटीला आतल्या अंगानं दिलेला डाग.
एका ठुशीच्या पाठीला, जिथं कुणी बघणार नव्हतं,
तिथंही सोनारानं कोरलेलं चार पाकळ्यांचं फूल.
ते मी पाहिलं.
पाहिलं, आणि चिमट्यात धरलं.

ठेवून घ्यायची ऐपत नव्हती.
म्हणून सोन्याबरोबर जे आटत नाही ते ठेवत गेलो,
कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात:
रेशमाचे गोंडे, मानेच्या घामानं मेणचटलेले,
एकात अजून अडकलेला पांढरा केस;
कुड्यांतल्या हिरव्या काचा;
तिकडच्या म्हाताऱ्यांच्या पांबडममधून निघालेली लाख
(कान खांद्याला टेकायचे त्यांचे,
आणि काढून दिल्यावर तसेच रिकामे लोंबायचे);
आणि बोरमाळेचे मणी, पत्रा सोलल्यावर उरलेले,
तांबूस, जवळजवळ निरुपयोगी,
प्रत्येकावर सोन्याच्या सुरकुतीची खूण.
ज्याची त्याची चिठ्ठी. नाव, तारीख, वजन.

सून विचारते, "मामा, हा कचरा की कलेक्शन?"
मी म्हणतो, दिवाळीत ठरवू.
तिसरी दिवाळी चालली आहे.

परवा लेंगऱ्याच्या अनसाक्का पत्रिका द्यायला आल्या.
डबा उघडाच होता.
त्यांनी नेमकं हिरव्या दोऱ्यावर बोट ठेवलं.
"ह्यो माझा. लुगड्याचा काठ उसवून ओवली हुती."
चौतीस मणी.
थोरलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मोडलेली,
माझ्याच हातानं.

मी दोरा पुढं केला, मणी पुढं केले.
घेतले नाहीत.
तळहातावर एक मणी इकडून तिकडं घरंगळवत म्हणाल्या,
"तवा वजन किती भरलं हुतं रं?"
चिठ्ठी वाचली. चौदा ग्रॅम, तीनशे मिली.
"लाख वजा करून?"
"वजा करून."
"मग बरूबर हाय."

चहा अर्धाच घेतला. साखर जास्त झाली म्हणाल्या.
उठताना गुडघ्यावर हात, दारात चप्पल शोधली,
लग्नाला जेवायलाच या, असं दोनदा सांगितलं.

रात्री मोजले. तेहतीस.
पुन्हा मोजले.
मग चिठ्ठीवरच्या चौतीसला काट मारली नाही,
शेजारी बारीक अक्षरात लिहिलं:
वजा एक. मालकिणीकडं.